प्रशासकांस कळवण्यात आले आहे

…नाही, पण टाकी धुण्याच्या दिवशी? वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, त्यातला नेमका टाकी धुण्याचा मंगळवार सापडला त्यांना? तुम्हाला सांगतो, आमच्या मरोळच्या सोसायटीत टाकी धुतात त्या दिवशी माणसाच्या आयुष्यात दुसरं काही घडूच शकत नाही. साडेनऊपर्यंत पाणी, त्यानंतर संध्याकाळपर्यंत ठणठणाट. मी रजा टाकलेली. किरकोळ रजा, रीतसर अर्ज देऊन. बादल्या भरल्या, पिंप भरलं, कुकर भरला, पातेली भरली, फुलदाणीसुद्धा भरली, आणि आता तेवढा तांब्या भरावा म्हणून वळतोय तर… टिंग! फोन. माझा नाही. तिचा.

आता तुम्ही म्हणाल, तिचा फोन अजून चालू कशाला ठेवलाय? सगळेच विचारतात. गॅसचा नंबर त्याच्यावर आहे, विजेचं बिल त्याच्यावर येतं, म्हणून ठेवलाय. आठ महिने रोज चार्ज करतोय. त्यात डोळे पुसण्यासारखं काही नाही. नोंद घ्यावी.

तर मेसेज काय? ‘प्रिय मृणालिनी, आनंदाची बातमी! तुमचा हातातला कॉम्प्युटर आज तुमच्या दारी येत आहे!’

प्रिय मृणालिनी! तिनं ऑर्डर देऊन चौदा महिने झाले, या कंपनीनं तोंडातून धड शब्द काढला नाही. तिनं पत्रं पाठवली, आठवणपत्रं पाठवली, ‘यादीत आपला क्रमांक पुढे सरकत आहे’ एवढंच एक उत्तर, आणि आता आठ महिने उशिरा… प्रिय! आनंदाची बातमी! अरे, कोणाला सांगताय?

थांबा, नीट सांगतो. मृणालिनी म्हणजे माझी बायको. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. घरात मिक्सर बिघडला तर मी दुकान शोधायला निघायचो, आणि मी चपला घालेपर्यंत मिक्सर चालू झालेला असायचा. आणि मी कोण? मी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, आस्थापना विभागात, वरिष्ठ लिपिक. कोण उशिरा आला, कोण न विचारता गावी गेला, कोणी साहेबांच्या खुर्चीत बसून फोटो काढला, त्या प्रत्येकाला जी कारणे दाखवा नोटीस जाते ना, ती लिहिणारा हात म्हणजे हा हात. सत्तावीस वर्षं! ‘आपला लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा, अन्यथा आपले काहीही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.’ या वाक्यानं भलेभले घाम पुसत आलेत माझ्या टेबलासमोर. असा मी. आणि माझ्या दारात लिनक्सचा कॉम्प्युटर!

लिनक्स म्हणजे काय, हे मला विचारू नका. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “अरे, बाकीचे कॉम्प्युटर म्हणजे भाड्याचं घर. नळ गळला की मालकाला फोन. लिनक्स म्हणजे स्वतःचं घर. नळ गळला की आपणच पाना घेऊन उठायचं.” मी म्हटलं, “मग भाड्याचंच बरं की.” तर ती असं बघायची… जाऊ दे.

बेल वाजली. दारात कुरियरवाला, हातात खोका.

“मृणालिनी मॅडम?”

“द्या इकडे.”

“मॅडमको बुलाव ना साहेब. नावावर आहे. सही मॅडमचीच लागणार.”

“मॅडम नाहीत.”

“किती वाजता येतील?”

“येणार नाहीत.”

“मग उद्या येऊ? उद्या असतील?”

तुम्हाला सांगतो, आठ महिन्यांत इतकी माणसं भेटून गेली, हळू आवाजात बोलून, अर्धा कप चहा ठेवून गेली, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उद्या असतील? मी आपला रिकामा तांब्या हातात धरून उभा. मग मी ऑफिसचा आवाज काढला. म्हटलं, “अधिकारपत्र चालेल?” आत गेलो, कागद घेतला, ‘आयुष्मती मृणालिनी यांच्या वतीने सदर पार्सल स्वीकारण्यास मी प्राधिकृत आहे,’ खाली सही, तारीख. कालकथित लिहायला हवं होतं. कालकथित लिहिलं असतं तर खोका परत गेला असता! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा खोटा कागद केला, आणि करून झाल्यावर मला काहीही वाटलं नाही. नोंद घ्यावी.

खोका उघडला. कॉम्प्युटर कुठाय? कॉम्प्युटर नाहीच! एक हिरवी पाटी, एक काचेचा तुकडा, कागदासारख्या चपट्या वायरी, बोटाच्या पेराएवढ्या कळांचा कीबोर्ड, आणि सोबत माहितीपत्रक… चित्रांचं. एक अक्षर नाही! नुसते बाण. म्हणजे चौदा महिने थांबवून वर आम्हीच जोडायचा? साडीच्या दुकानात गेलात आणि माणसानं सूत काढून दिलं तर?

संध्याकाळी किरणचा फोन. किरण म्हणजे मृणालिनीचा धाकटा भाऊ, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे, पायऱ्या चढतानासुद्धा दोन-दोन चढतो. “भावजी, उघडलात कशाला? ठेवून द्या. मी येतो, घेऊन जातो. तुम्हाला नाही जमणार ते.”

झालं! आता एखाद्या माणसाला शांतपणे खोका बंद करून माळ्यावर टाकायचा असेल, तर त्याला ‘तुम्हाला नाही जमणार’ असं म्हणू नये ना? सात दिवसांची नोटीस तरी द्यावी! मी म्हटलं, “किरण, हा कॉम्प्युटर या घरात जोडला जाईल, या घरात चालू होईल, आणि मी करीन. नोंद घ्यावी.”

आणि बसलो. जेवायच्या टेबलावर जुना पेपर अंथरून. हत्यारं? हत्यारं तिच्या डब्यात. आमच्या घरात मसाल्याचे दोन डबे आहेत. एकात मसाला. दुसरा हुबेहूब तसाच, सात वाट्यांचा, तिचा. मोहरीच्या वाटीत दोन मिलिमीटरचे काळे स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत स्प्रिंगा, हळदीच्या वाटीत पिवळ्या वायरींचे तुकडे. पहिल्या महिन्यात मी आमटीला फोडणी देताना चुकून हा डबा उघडला. तेल तापलेलं, नेहमीच्या अंदाजानं मोहरीच्या वाटीत चमचा घातला… स्क्रू तडतडत नाहीत. नोंद घ्यावी.

तर या डब्याच्या मधल्या वाटीत एक प्लॅस्टिकची पुडी. पुडीत नखाएवढं मेमरी कार्ड, बॅटरीचे दोन सेल शेजारी, आणि एक चिठ्ठी. तिनं यंत्र यायच्या आधीच सगळी तयारी करून ठेवली होती हो! लॅबमधल्या दुसऱ्या कुठल्याशा यंत्रात घालून कार्ड तयार केलं, तपासलं, बंद केलं, आणून ठेवलं. मला सांगितलंही होतं. शुक्रवार होता. “सहदेव, यंत्र येईल तेव्हा येईल, कार्ड तयार आहे. तुझंही खातं उघडलंय. रविवारी बस माझ्याबरोबर अर्धा तास, लॅबचं यंत्र घरी आणते, दाखवते तुला.”

मी म्हटलं, “पुढच्या रविवारी.”

म्हणजे मी नेहमीच म्हणायचो ते. ते काय नवीन नव्हतं. ती म्हणायची, “बस ना,” मी म्हणायचो, “पुढच्या रविवारी.” दोन वर्षं चाललं होतं. आणि त्या रविवारी मी काय महत्त्वाचं केलं, सांगू? माळा आवरला. रिकामे खोके एकात एक घातले. त्यानंतरच्या बुधवारी ती लॅबमध्ये शिकवता शिकवता खाली बसली, ती उठली नाही. बस. याबद्दल यापेक्षा जास्त मी बोलणार नाही. नोंद घ्यावी.

चिठ्ठीवर तिच्या अक्षरात चार ओळी. ‘सहदेवचं खातं. नाव : सहदेव. पासवर्ड : पुढच्यारविवारी. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून.’

मी चिठ्ठीची घडी घातली आणि स्क्रूकडे वळलो. काय करणार?

तीन दिवस लागले तीन! सेल आधी उलटे बसवले. मग सुलटे बसवले, तर पडदा उलटा. ती चपटी वायर, ती तर एवढ्याशा खाचेत जायचं नाव घेईना. मी घामाघूम. शेवटी तळमजल्यावरच्या सेराफिना आंटी आल्या. या आमच्या मरोळ गावठाणातल्या मूळच्या, पस्तीस वर्षं नर्स होत्या, आता रिटायर. दारातूनच ओरडल्या, “काय रे, बॉम्ब करतो काय?” मग चष्मा लावला, चिमटा मागितला, वायर धरली. “असा दाबतात काय? बाजूला हो. शीर शोधतात तशी हलक्या हातानं घालायची…” आणि गेली! एका झटक्यात गेली! वर मला म्हणतात, “आता हुंदका देऊ नको, रक्त नाय आला.” मी कुठे देत होतो?

सगळं जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. आता यंत्र तर घट्ट बसलंय. मग हा कोणाचा? मी तो मोहरीच्या वाटीत टाकला. प्रत्येक खात्यात एक जागा रिक्त असतेच.

बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं झरझर झरझर… इतकं तर आमचे साहेबही बोलत नाहीत सभेत. आणि शेवटी थांबलं. नाव विचारलं. मी लिहिलं, सहदेव. उमटलं! मग पासवर्ड विचारला. मी चिठ्ठी समोर ठेवली, एका बोटानं टाइप करायला लागलो, आणि… काही नाही. एक अक्षर उमटेना! बँकेत कसे ठिपके तरी पडतात? ठिपकाही नाही. कर्सर जागच्या जागी लुकलुकतोय. पुसलं, परत केलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही!

दुसऱ्या दिवशी नाक्यावर केतनकडे. केतनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं यंत्र उलटंसुलटं केलं. “काका, कीपॅड गेला.”

“अरे, नाव उमटतं ना? नावाला कीपॅड आहे आणि पासवर्डला गेला, असा कसा जाईल?”

“असाच जातो काका. हे बाहेरचे आयटम आहेत ना, यांचा काय भरोसा नाय. वाट लागली समजा. आपण असं करू, याच्यात ॲन्ड्रॉइड टाकतो, मस्त सिरियल बघा.”

सिरियल बघा! मी यंत्र रुमालात गुंडाळलं आणि निघालो. यात सिरियल दिसणार नाही. नोंद घ्यावी.

जिन्याशी सेराफिना आंटी भेटल्या, वाटाणे सोलत बसलेल्या. मी आपली तक्रार सांगितली, की बाई, टाइप करतो पण दिसत नाही. त्या म्हणाल्या, “मग दिसायला कशाला पाहिजे? आमी चर्चमध्ये कन्फेशनला बसतो तवा फादर दिसतो काय? मधी जाळी असते. तो तिकडे, आमी इकडे. तोंड जाळीला लावायचा आणि बोलायचा. पोचते.”

“पण पोचलं हे कळतं कसं?”

“बोलून संपव तरी आधी! अर्ध्यात उठून बघतो पोचला काय, पोचला काय… पुरा बोल, मग आमेन म्हण.”

मी वर गेलो. बसलो. चिठ्ठी बघितली नाही. न बघता, पडद्यावर काही दिसत नसताना, एक-एक अक्षर दाबत गेलो. पु-ढ-च्या-र-वि-वा-री. सगळं जोडून. आणि या वेळी एंटर दाबलं.

आत! उघडलं! ‘सहदेव’ असं हिरव्या अक्षरात नाव, आणि पुढे लुकलुक! मी खिडकीतून ओरडलो, “आंटी, पोचलं!” खालून आवाज, “आमेन! आता खाली येऊन वाटाणे सोल!”

आता इथे शहाण्या माणसानं थांबावं की नाही? पण मी आस्थापना विभागातला. माझी नजर पहिली कुठे जाणार? तारखेवर! आणि तारीख चूक. चूक म्हणजे किती, तर आठ महिने चूक! बाहेर ऑक्टोबर, यंत्रात फेब्रुवारी. शुक्रवार रात्रीचे पावणेआठ. अहो, चुकीच्या तारखेवर मी कागद पुढे जाऊ देत नाही, कॉम्प्युटर कसा देऊ? फोन लावला किरणला. अभिमानानं! “चालू झाला. फक्त तारीख चुकलीय.”

तो म्हणाला, “भावजी, ग्रेट! तारीख काय, दोन मिनिटांचं काम. आधी ‘सुडो’ असं लिहायचं. सुडो म्हणजे, मी अधिकारानं सांगतोय. मग डेट, मग तारीख.” हे मला आवडलं. अधिकारानं सांगतोय! लिहिलं.

यंत्र काय करतं? तर यंत्र मला व्याख्यान देतं! मला! तीन कलमं, आकडे घालून. एक, दुसऱ्यांच्या खासगी गोष्टींचा मान राखा. दोन, टाइप करण्याआधी विचार करा. तीन, अधिकार आणि जबाबदारी यांच्याविषयी काहीतरी, ते आमच्या ऑफिसच्या भिंतीवरही लावलंय, त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय. मग परत पासवर्ड मागितला. दिला. जाळीतून. आणि मग पडद्यावर जे आलं ना… सहदेव यांचे नाव अधिकारप्राप्त व्यक्तींच्या यादीत नाही. ही घटना प्रशासकांस कळवण्यात आली आहे.

घटना! कळवण्यात आली आहे! ‘येईल’ नाही, आली आहे! म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत जावक क्रमांक पडला!

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. तुम्ही हसताय. तुम्हाला हसायला काय जातं? मी सत्तावीस वर्षं या बाजूला बसलोय, मला माहीत आहे पुढे काय होतं ते! घटना कळवली की नोटीस निघते, नोटीस निघाली की खुलासा. आणि खुलासा मागायच्या आधी आपण होऊन दिला तर वजन पडतं. मी यंत्र बंद केलं, रेघी कागद काढला. ‘प्रति, माननीय सिस्टिम प्रशासक. विषय : अनधिकृतपणे दिनांक बदलण्याच्या प्रयत्नाबाबत खुलासा. महोदय, उपरोक्त विषयान्वये नम्रपणे नमूद करण्यात येते की, सदर कृत्य हेतुपुरस्सर केलेले नसून…’ असं झकास पाऊण पान झालं. मग अडलं कुठे, तर पत्त्यावर. पाठवायचं कुठे? हा प्रशासक बसतो कुठे?

परत किरणला फोन. म्हटलं, “किरण, मला फक्त एवढं सांग, हा प्रशासक कोण? याचं ऑफिस कुठे?”

तो आधी हसला. मग म्हणाला, “म्हणजे तुम्हाला अधिकार दिलेले नाहीत? थांबा… कार्ड कोणी केलं होतं?” मी म्हटलं, “तुझ्या ताईनं.”

“भावजी… ताईच आहे.”

“काय ताईच आहे?”

“प्रशासक. तिनं दोन खाती केलीयत. एक तुमचं, साधं. एक तिचं, सगळ्या अधिकारांचं. तुम्ही काही चुकीचं केलंत की यंत्र त्याची चिठ्ठी तिच्या खात्यात टाकतं. बाहेर कुठे जात नाही ती. आतल्या आत. ताईच्या नावावर पडून राहते.”

मी म्हटलं, “बरं.”

आणि खरं सांगू? पहिल्यांदा मला रागच आला! तीस वर्षं या घरात गॅस तिनं बंद करायचा, कुलूप तिनं ओढून बघायचं, ‘सहदेव, पंखा चालू राहिलाय’ हे जिन्यातून तिनं ओरडायचं, आणि आता इथेसुद्धा? इथेसुद्धा मी साधा आणि ही प्रशासक?

किरण सुरू झालाच. “भावजी, काळजी नको. फॉरमॅट मारू. कार्ड पुसलं की दहा मिनिटांत नवं टाकतो, सगळे अधिकार तुमचे. तुम्हीच प्रशासक!”

“नको.”

“अहो, तिचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही, मग…”

“कार्ड पुसायचं नाही.”

“बरं, निदान वायफाय तरी जोडा. तारीख तरी आपोआप बरोबर होईल. आत्ता कसं झालंय, त्या यंत्राला आतल्या घड्याळाचा सेल नाही. बंद केलं की शेवटची वेळ कार्डावर राहते, चालू केलं की तिथूनच पुढे. ताईनं ते कार्ड शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास बंद केलं असणार. तुम्ही जोडल्यापासून जितके तास चालू ठेवलंत तेवढंच पुढे गेलंय. त्याच्या मते अजून तोच शुक्रवार चाललाय.”

मी म्हटलं, “परत सांग.”

“काय?”

“शेवटचं.”

“त्याच्या मते अजून तोच शुक्रवार चाललाय.”

मी फोन ठेवला.

तोच शुक्रवार. म्हणजे, तुम्हीच हिशेब करा… त्या यंत्राच्या मते तो रविवार अजून यायचाय. माळा अजून आवरला गेलेला नाही!

त्या दिवसापासून सगळी दुनिया माझ्या मागे लागलीय. किरण दर आठवड्याला, “भावजी, एकदा फॉरमॅट…” नाही! केतन नाक्यावरून हाका मारतो, “काका, ॲन्ड्रॉइड?” नाही! ऑफिसातसुद्धा एकानं ऐकून सांगितलं, “अहो सहदेवराव, चुकीच्या तारखेचं यंत्र वापरता? तुम्ही?” हो, मी! चुकीच्या तारखेचं यंत्र मी वापरतो! वायफाय जोडणार नाही, कार्ड पुसणार नाही, आणि पदोन्नतीची मला गरज नाही. मी साधाच ठीक आहे. नोंद घ्यावी!

आता रोज सकाळी काय होतं सांगतो. चहा ठेवतो. यंत्र चालू करतो. पुढच्यारविवारी, जाळीतून, आत. मग सुडो लिहितो आणि तारीख बदलायचा प्रयत्न करतो. हो, मुद्दाम! माहीत असून! ते परत पासवर्ड मागतं, मी परत देतो, पुढच्यारविवारी. आणि ते म्हणतं, ही घटना प्रशासकांस कळवण्यात आली आहे. बस. बंद करतो. चहा पितो. दहा मिनिटांचं काम. रोज एक गुन्हा, ऑफिसला जायच्या आधी. रविवारीसुद्धा, सुट्टी नाही.

सेराफिना आंटींना एकदा दाखवलं. त्यांनी चष्म्यातून बघितलं. मला वाटलं आता काहीतरी देवाधर्माचं बोलतील. तर म्हणाल्या, “म्हणजे वरती तिच्या टेबलावर तुझे किती कागद झाले असतील रे! ती वैतागली असेल. रोज रोज तोच गुन्हा? काय तरी नवा कर!”

नवा कसला करतो? एकदाच चूक झाली, आणि ती चूक म्हणजे… डिसेंबरात एकदा घाईत यंत्र बंदच करायचं विसरलो. टेबलावर चालू ठेवून ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर बॅटरी संपेपर्यंत चाललेलं. सहा तास! सहा तास गेले हो! मी रोजची दहा-दहा मिनिटं जपून वापरतोय, आणि सहा तास एका दिवसात सांडले, टेबलावर, कोणी नसताना. त्या दिवशी मी जेवलो नाही. किरणला सांगितलं तर म्हणतो, “भावजी, एक घड्याळच आहे ते.” त्याला काय कळणार? त्याची बायको घरी असते.

आज तीन महिने झाले या सगळ्याला. मी हरलो नाही. कोणाला हात लावू दिला नाही. आत्ता इथे यायच्या आधी बघितलं, यंत्रात शनिवार आहे, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. रोज दहा मिनिटं, म्हणजे रविवारची सकाळ व्हायला अजून साडेतीन महिने आहेत. मी सगळी तयारी ठेवलीय. माळ्याला कुलूप लावलंय. त्या रविवारी मी कुठेही जाणार नाही, अर्धा तास नाही, पूर्ण दिवस बसणार आहे. नोंद घ्यावी.

फक्त तो रेघी कागद तेवढा टेबलाच्या खणात तसाच आहे. वरचं ‘माननीय सिस्टिम प्रशासक’ खोडून मी तिचं नाव घातलंय. ‘महोदय’ खोडलंय. ‘हेतुपुरस्सर केलेले नसून’ हेही खोडलंय, कारण ते खरं नाही, दोन वर्षं मी हेतुपुरस्सरच टाळत होतो. विषय राहिलाय नुसता, आणि खाली माझी सही. मधला मजकूर सगळा खोडलेला आहे. आणि सात दिवसांत खुलासा आला नाही तर काय गृहीत धरतात, ते वाक्य तर माझंच आहे.

माझं म्हणणं आहे हो. पण खुलासा अजून लिहायचा राहिलाय.